दूध पाजतानाची गाठ: वाट किती दिवस पाहायची?

अबोली_सोनो

आमच्या दवाखान्याच्या भिंतीवरचं पोस्टर वर्षातून दोनदा बदलतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाचं लागतं: अंगावर पाजा, बाळाला फायदा आणि आईलाही स्तनाच्या कॅन्सरपासून संरक्षण. ऑक्टोबरात गुलाबी फितीचं: गाठ लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. दोन्ही खरी आहेत. पण मांडीवर पाच-सहा महिन्यांचं लेकरू असलेली आणि छातीत गाठ घेऊन फिरणारी बाई दोन्हींत कुठेच नसते. हा धागा तिच्यासाठी.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, तालुक्याच्या गावी. निम्मा दिवस गरोदर बायकांच्या सोनोग्राफीत जातो, उरलेला मुतखडे आणि पित्ताशयात. पाजत्या बायका स्तनाच्या सोनोग्राफीला त्या मानाने कमी येतात, आणि येतात त्या उशिरा येतात. का थांबलात विचारलं की उत्तर ठरलेलं, "दुधाची गाठ असेल म्हटलं." असं म्हणणारी कधी ती स्वतः असते, कधी सासू, कधी आई, कधी गावातले डॉक्टरही. त्यांचं चुकतं असं नाही, बहुतेक वेळा ती दुधाचीच असते. अडचण इतकीच की थांबायला सगळे सांगतात, कधीपर्यंत ते कुणीच सांगत नाही.

पाजत्या स्तनात गाठ लागणं ही रोजची गोष्ट आहे. दूध दाटून एखादा भाग टणक होतो, पाजलं की मऊ पडतो, परवा भलतीकडेच लागतो. कधी नळीत दूध अडकून त्याची पिशवी तयार होते, तिला गॅलॅक्टोसील म्हणतात. सुई घातली तर आतून चक्क दूधच निघतं. दूधग्रंथींची एक साधी गाठ असते, लॅक्टेटिंग अॅडेनोमा, ती पाजणं सुटल्यावर बहुधा आपोआप आक्रसते. लग्नाआधीपासून असलेली फायब्रोअॅडेनोमा नावाची साधी गाठ गरोदरपणात वाढून पहिल्यांदाच हाताला लागते. मग मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाला लाली, सूज आणि दुखणं, आणि तो चिघळला तर गळू. या सगळ्या गर्दीत क्वचित एखादा कॅन्सर असतो. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षभरात सापडणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण साधारण ३००० गरोदरपणांमागे एक असं धरतात. म्हणजे दुर्मीळच. पण दुर्मीळ असल्यामुळेच तो कुणाच्या मनात येत नाही, आणि निदान लांबतं.

हाताला यातला फरक कळत नाही. माझ्याही हाताला कळत नाही, आणि माझा धंदाच हा आहे. पाजत्या स्तनात सगळीकडेच चढउतार लागतात. म्हणून बोटांपेक्षा दिवसांवर लक्ष ठेवा. बाळ नीट पीत असताना तीच गाठ त्याच जागी दोन आठवडे राहिली, तर सोनोग्राफी करायची. दुखत असो वा नसो. ‘दुखत नाही म्हणजे साधी आहे’ हा समज तर पार उलटा आहे. स्तनाच्या कॅन्सरची गाठ बहुतेकदा सुरुवातीला दुखतच नाही.

काही गोष्टींसाठी दोन आठवडेही थांबू नका. गाठ दिवसागणिक वाढते आहे. त्वचा जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसते आहे किंवा एका जागी आत ओढली गेली आहे. आधी बाहेर असलेलं स्तनाग्र आत वळलं आहे. काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर घट्ट गाठ लागते आहे. आणि मॅस्टायटिस म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं, पण आठवडा-दहा दिवसांत लाली आणि सूज हटली नाही. इथे दुसरं, मग तिसरं अँटिबायोटिक लिहून घेण्याऐवजी सोनोग्राफी मागा. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर नावाचा एक प्रकार हुबेहूब मॅस्टायटिससारखा दिसतो आणि त्यात हाताला गाठ लागेलच असं नाही.

तपासणीसाठी दूध तोडावं लागत नाही. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, असतो, पण त्याचा दुधावर काही परिणाम होत नाही. पाजणाऱ्या बाईची मॅमोग्राफी करता येते, फक्त स्तन दाट असल्यामुळे फोटो वाचणं अवघड जातं, म्हणून आधी सोनोग्राफी. एमआरआयचा फोटो स्पष्ट यावा म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं तरी पाजणं थांबवायची गरज नाही, असंच आताचं मार्गदर्शन आहे. तरीही "आधी दूध बंद करा, मग बघू" हे वाक्य मी इतक्या चिठ्ठ्यांवर वाचलंय की काही विचारू नका.

प्रश्न विचारा. जमेल तशी उत्तरं देईन. इथे गाठीचे फोटो टाकू नका, फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही.

निशिगंध

फार गरजेचा धागा, धन्यवाद. माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी दूध उतरलं तेव्हा दोन्ही काखांत सुपारीएवढ्या गाठी आल्या होत्या. आई म्हणाली, काखेत दूध चढलंय. आता खूप कमी झाल्यात, पण वरचं वाचून परत धस्स झालं.

अबोली_सोनो

निशिगंध, तुझ्या आईचं निदान बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. कित्येक बायकांच्या काखेत स्तनाच्या ऊतींचा थोडा भाग जन्मापासून असतो. एरवी त्याचा पत्ताही नसतो. दूध उतरतं तेव्हा तोही भरतो, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून फुगतो, ठणकतो आणि मग हळूहळू ओसरतो. दोन्ही बाजूंना, दूध उतरतानाच आलेली आणि कमी होत चाललेली सूज ही अशीच गोष्ट. दाबून, चोळून रिकामी करायला जाऊ नकोस. पुढच्या लसीकरणाला जाशील तेव्हा डॉक्टरांना एकदा दाखव, म्हणजे मनातली धाकधूक जाईल. एकाच काखेत, नंतर केव्हातरी नव्याने आलेली टणक गाठ असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

गोदाकाठची

अगं अबोली, आमच्या वेळी दूध दाटलं की मालीशवाली बाई गरम पाण्याचा शेक देऊन अशी काही रगडायची की डोळ्यांतून पाणी यायचं. वर लाकडी फणी फिरवायची. त्याने गाठ फुटते म्हणायचे. माझ्या सुनेने या वेळी ते काहीच करू दिलं नाही, उलट फ्रीजमधला बर्फ कापडात गुंडाळून लावत बसली. बाळंतिणीला गार लावलेलं बघून माझ्या पोटात गोळा आला. खरं काय समजायचं?

अबोली_सोनो

काकू, सुनेचं बरोबर आहे, आणि तुमच्या वेळी जे झालं तेही त्या काळच्या समजुतीला धरूनच होतं. अगदी अलीकडेपर्यंत डॉक्टरसुद्धा शेक, मालीश आणि स्तन पूर्ण रिकामं करा हेच सांगत. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने २०२२ मध्ये मॅस्टायटिसचं मार्गदर्शन नव्याने लिहिलं आणि ते बरंच फिरवलं. आत बारीक नळ्या आणि सूज आलेल्या ऊती असतात. जोरात रगडलं की सूज वाढते, कधी आतल्या आत इजा होते. पंप लावून लावून काढलं तर शरीर समजतं मागणी वाढली, मग आणखी दूध बनतं आणि परत दाटतं. म्हणून आता सांगतात: बाळाला भूक लागेल तसं पाजा, जास्तीचं उपसू नका, गार शेक द्या, सूज उतरायला आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. काखेकडे अगदी हलका हात फिरवला तर चालतो. प्रत्येक वेळी अँटिबायोटिकही लागत नाही. थंडी वाजून ताप येतोय, दिवसभरात उतार पडत नाहीये, तेव्हा मात्र डॉक्टर गाठायचे.

माझ्या दृष्टीने रगडण्यात आणखी एक तोटा आहे. दोन दिवस रगडलेल्या स्तनाची सोनोग्राफी करायला घेतली की सगळीकडे सूज आणि रक्त साकळलेलं. मूळ गाठ कुठली हेच कळत नाही.

तर्कटराव

धागा चांगला आहे, पण एक शंका. आधीच आपल्याकडे बायका वरचं दूध लवकर सुरू करतात. त्यात गाठीचा बागुलबुवा उभा केला तर चार जणी घाबरून पाजणंच सोडतील, आणि मग पाजण्याने मिळणारं संरक्षणही गेलं. शिवाय स्वतः तपासण्याचा फायदा नाही हे सिद्ध झालंय. शांघायच्या कापडगिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायकांवरचा अभ्यास २००२ मध्ये आला. निम्म्यांना स्वतःची तपासणी शिकवली. मृत्यू कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) वाढल्या. आणि आपल्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलचा मुंबईतला अभ्यास बघा, पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यू कमी झाल्याचं त्यातही दिसलं नाही.

अबोली_सोनो

तर्कटराव, दोन्ही अभ्यास तुम्ही बरोबर सांगितलेत. बहुतेक लोक सोयीचं तेवढंच सांगतात, त्यामुळे बरं वाटलं. टाटाच्या अभ्यासातली उरलेली बाजू मी सांगते. मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायका, वय ३५ ते ६४. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये छापून आला. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत घट दिसली नाही, हे खरंच. मशीन नाही, फिल्म नाही, फक्त शिकवलेले हात. मला तरी ही आपल्या देशातली फार मोठी गोष्ट वाटते.

पण हे दोन्ही अभ्यास चाळणीचे आहेत, म्हणजे काहीही त्रास नसलेल्या बायकांना ठरावीक काळाने तपासण्याचे. मी जिच्याबद्दल लिहिते आहे तिला गाठ लागलेली आहे. तिची तपासणी म्हणजे तक्रारीचा शोध. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी काढताना आपण ‘निरोगी माणसांचे सरसकट ईसीजी काढून उपयोग नाही’ असं म्हणत नाही. दर महिन्याला तारीख लावून, आरशासमोर उभं राहून बोटांनी गोल गोल तपासा असं मी कुणालाच सांगत नाही. पाजत्या बाईला तर मुळीच नाही, तिला रोज नवीन काहीतरी सापडेल आणि झोप उडेल. आंघोळ करताना, पाजताना आपला स्तन एरवी कसा लागतो हे माहीत असावं आणि बदल झाला तर ओळखावा, इतकंच.

आता संरक्षणाबद्दल. आकडा खरा आहे, पण तो केवढा हेही बघा. ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो निष्कर्ष आला तो असा: पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो, आणि शिवाय प्रत्येक बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी. लाखो बायकांचा विचार केला तर हे खूप आहे. एका बाईपुरतं बघितलं तर ते चिलखत नाही. त्यात आणखी एक गुंता आहे, जो पोस्टरवर मावत नाही. बाळंतपणाचा फायदा लगेच मिळत नाही. २०१९ मध्ये १५ मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा दिसलं की बाळंतपणानंतर काही वर्षं धोका मूल न झालेल्या बायकांपेक्षा थोडा वाढतो, साधारण पाचव्या वर्षी तो सर्वांत जास्त असतो, आणि मग उतरत उतरत वीसेक वर्षांनंतर फायद्यात जातो. पाजण्याने या चित्रात फरक पडलेला दिसला नाही. घाबरायचं कारण नाही, कारण तरुण वयात मुळात धोकाच कमी. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या बायकांत हा फरक लाखामागे चाळीसेक जास्तीच्या रुग्ण इतका भरला. पण ‘मी पाजतेय, मला होणार नाही’ म्हणून गाठ अंगावर काढणं यात बसत नाही.

आणि पाजणं सोडायला मी कुठे सांगितलंय? वर एक अख्खा परिच्छेद उलट लिहिलाय.

तर्कटराव

चाळणी आणि तक्रार हा फरक मान्य. ईसीजीचं उदाहरण चोरून ठेवतो. चिलखतावर अजून वाद घालता येईल, पण रविवारी.

थोरल्या_वाड्यातली

मी इथे फारशी लिहीत नाही. माझ्या धाकट्या जावेबद्दल लिहिते, तिला विचारून.

तिचं दुसरं बाळ सात महिन्यांचं असताना डावी बाजू लाल झाली, जड झाली. ताप असा नव्हताच. डॉक्टरांनी मॅस्टायटिस सांगून गोळ्या दिल्या. थोडं बरं वाटलं, परत तेच. दुसऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या. बाळ त्या बाजूला प्यायला कुरकुर करायचं, तोंड फिरवायचं. घरात सगळे म्हणाले नजर लागली, मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या. त्वचेवर बारीक खळगे दिसायला लागले तेव्हा मी तिला स्वतः घेऊन गेले. सोनोग्राफी झाली, बायोप्सी झाली, इन्फ्लमेटरी निघाला.

आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. आज ती घरी आहे, तपासण्यांना जाते, शेतावरही येते. पण मला लिहायचंय ते दूध तोडण्याबद्दल. केमो सुरू करायची म्हणून पाजणं एकदम बंद. तिला गाठीचं कळलं तेव्हा ती रडली नव्हती, पोराला बाटली दिली तेव्हा रडली. सासूबाईंनी मोगऱ्याचे गजरे आणून छातीला बांधले, दूध आटावं म्हणून. डॉक्टरांनी गोळी दिली होतीच. पोर तीन रात्री ओरडलं. त्या काळात काय करायचं, कसं करायचं, हे कुणीही बसून सांगितलं नाही. सगळे कॅन्सरबद्दल बोलत होते.

अबोली_सोनो

थोरल्या_वाड्यातली, तिला माझा नमस्कार सांगा.

जे कुणी सांगितलं नाही ते इथे लिहून ठेवते, कुणाला तरी लागेल. केमोची बहुतेक औषधं दुधात उतरतात, त्यामुळे तेव्हा पाजता येत नाही. नंतर दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांवर असतानाही नाही. पण निदान आणि केमोचा पहिला दिवस यांच्यामध्ये सहसा थोडे दिवस असतात, कारण अजून तपासण्या व्हायच्या असतात. ते दिवस वापरता येतात: एकेक फीड कमी करत जायचं, म्हणजे दूध दाटून ताप येत नाही आणि पोरही वाटी-चमच्याला सरावतं. आधी रात्रीचं तोडायला जाऊ नये, तेच सर्वांत अवघड असतं. दूध आटवायला कॅबर्गोलिनची गोळी देतात, तुमच्याकडे तीच दिली असावी. मोगऱ्याला हसू नका, १९८८ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी मोगऱ्याची फुलं आणि त्या वेळची दूध आटवायची गोळी यांची तुलना केली होती आणि फुलांनीही दूध कमी झालेलं दिसलं होतं. अर्थात कॅन्सरच्या घाईत भरवसा गोळीवरच ठेवायचा.

बाळाला आईच्या दुधातून कॅन्सर होत नाही. हा प्रश्न लोक मोठ्याने विचारत नाहीत, मनात ठेवतात, म्हणून न विचारताच सांगते. उपचार संपल्यावर पुढे मूल झालं तर दुसऱ्या बाजूने पाजता येतं, रेडिएशन झालेल्या बाजूला दूध फारसं येत नाही.

बाळाने एक बाजू नाकारण्याबद्दल: कॅन्सर असलेल्या बाजूला बाळ तोंड लावत नाही अशी उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. पण बाळं शंभर कारणांनी एक बाजू नाकारतात. दात येत असतात, कान दुखत असतो, लस टोचलेला पाय दाबला जातो. मॅस्टायटिसमध्ये दूध खारट लागतं म्हणूनही. तेवढ्यावरून घाबरू नये. नाकारणं आणि त्याच बाजूला गाठ किंवा लाली, अशी जोडी असेल तर दाखवावं.

निशिगंध

मिल्क बँकेतून दूध मिळालं असतं का त्यांच्या बाळाला?

अबोली_सोनो

सात महिन्यांच्या बाळाला बहुधा नाही. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, ती अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी. आजही बँकांतलं दूध आधी त्यांनाच जातं, ते योग्यच आहे. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालेलं असतं, सोबत बालरोगतज्ज्ञांना विचारून पावडरचं दूध. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

आशांची_ताई

मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशा सेविकांचं काम बघते, सातारा जिल्हा. हा धागा वाचून माझ्या डोक्यात जे आलं ते लिहिते.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या प्रत्येक बाईच्या घरी आमची आशा सहा वेळा जाते: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध पितंय का हे सगळं बघते. आईला विचारतेही, स्तनाग्राला भेगा आहेत का, छाती दाटली का. त्यानंतर बाळासाठी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात भेटी असतात. त्या वेळी कागदावर आईच्या छातीबद्दल वेगळं काही नाही. सगळं लक्ष बाळाचं वजन आणि वरचा आहार.

दुसरीकडे कॅन्सरची तपासणी आहे, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, पण ती तीस वर्षांपुढच्या बायकांची, पाच वर्षांतून एकदा. आता आमच्या भागात पहिलं बाळंतपण बाविशी-तेविशीत. म्हणजे पाजणारी बाई एका यादीतून बेचाळिसाव्या दिवशी निघते आणि दुसऱ्या यादीत सात-आठ वर्षांनी येते. मधल्या काळात तिला छातीबद्दल विचारणारं सरकारी माणूस नाही. तरीही आशा त्या घरी जातच असते. सहाव्या महिन्याच्या भेटीत एक प्रश्न, "छातीत कुठली गाठ राहिली आहे का गं?", एवढा विचारायला फॉर्म लागत नाही. महिन्याच्या बैठकीत मी हे माझ्या आशांना सांगणार आहे. वरून पत्र येईल तेव्हा येवो.

अडचण सांगते. सासू समोर बसलेली असते. बाई ‘नाही’ म्हणते आणि उंबऱ्यापर्यंत सोडायला येऊन हळूच सांगते. म्हणून प्रश्न निघताना, अंगणात विचारावा.

अबोली_सोनो

ताई, हे आम्हाला मशीनसमोर बसून कधीच सुचलं नसतं. अंगणातला प्रश्न फार आवडला.

कमी वयाबद्दल एक जोडते. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं आधीच्या वयात दिसतो. त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपल्या लोकसंख्येत तरुण बायकाच जास्त आहेत. म्हणून ‘आपल्या पोरींना हल्ली विशीतच होतो’ असा अर्थ काढू नका. विशीत तो दुर्मीळच आहे. पण आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी कुणाला झालेला असेल, त्यातही पन्नाशीच्या आत, किंवा घरात बीजकोशाचा कॅन्सर असेल, तर त्या बाईने पाजताना आलेली गाठ दोन आठवडेही न थांबता दाखवावी. वडिलांकडची आत्या, आजीही यात मोजायची. इथे लोक फक्त आईकडचंच सांगतात.

स्लाववासी

इंग्लंडमधला अनुभव. मूल चार महिन्यांचं, माझं वय ३४. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, हात लावून पाहिलं आणि म्हणाली बहुधा ब्लॉक डक्ट (दुधाची नळी अडकलीय), पण मी पाठवतेच. इथे उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या नियमात तीस आणि पुढच्या वयात कारण न कळणारी गाठ असेल तर तातडीने ब्रेस्ट क्लिनिकला पाठवायचं असं आहे, आणि हो किंवा नाही हे २८ दिवसांत सांगायचं असं उद्दिष्ट. एकाच सकाळी तपासणी, सोनोग्राफी आणि सुई. गॅलॅक्टोसील निघालं. वेटिंग रूममध्ये बाळाला पाजत बसले होते, कुणी भुवई उंचावली नाही.

जुई_फुले_दारी

मला रिपोर्टमध्ये ‘बाय-रॅड्स ३’ लिहून आलंय. बाळ आठ महिन्यांचं. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी परत करू. सासरे म्हणतात सुई टोचू देऊ नकोस, सुई मारली की पसरतो. नवरा म्हणतो आत्ताच बायोप्सी करून टाक. मी मध्ये.

अबोली_सोनो

जुई, तो आकडा म्हणजे कॅन्सरची स्टेज नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांग. रिपोर्ट वाचणाऱ्याला किती संशय वाटतो त्याची ती पट्टी आहे. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे साधी गाठ. ३ म्हणजे जवळजवळ नक्की साधी, कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणून काही महिन्यांनी परत बघायचं. ४ ला सुईची तपासणी करायची, ५ ला संशय फार मोठा. तेव्हा तुझे डॉक्टर नियमाला धरून बोलले आहेत. मधल्या काळात वाढली तर सहा महिने थांबू नकोस.

सासऱ्यांचं भय आपल्याकडे घरोघरी आहे. सुईने कॅन्सर पसरत नाही, त्या भीतीने झालेल्या उशिरात मात्र पसरतो. नवऱ्याला सांग, ३ ला बायोप्सी करणं चूक नाही, पण बहुतेक वेळा लागत नाही. कधी करायची वेळ आलीच तर ट्रू-कट मागा, म्हणजे जाड सुईने तुकडा घेतात. बारीक सुईच्या एफएनएसीत पाजत्या स्तनाच्या पेशी एरवीही इतक्या वाढलेल्या दिसतात की वाचणाऱ्याची फसगत होऊ शकते. म्हणून पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘पाजती आहे, बाळ अमुक महिन्यांचं’ असं लिहिलं गेलंय का, हे स्वतः बघ. सुईच्या वाटेने काही दिवस दूध झिरपत राहणं, मिल्क फिस्टुला, हे होऊ शकतं पण क्वचित. त्यासाठी आधी दूध तोडायची गरज नाही.

आणखी एक आपल्याकडचा प्रकार सांगून ठेवते, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत येतो, टणक गाठ होते, फुटून वाहते, दिसायला थेट कॅन्सरसारखी, पण कॅन्सर नसतो. कधी खरोखर स्तनाचा टीबी असतो. दोन्हींची औषधं वेगळी, आणि तुकडा तपासल्याशिवाय ठरत नाही. नुसत्या अंदाजाने सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन आलेल्या बायका मी पाहिल्यात.

दोन_पोरांचा_बाप

सगळा धागा वाचला. बायकोला वाचायला दिला तर म्हणाली, "गाठ आहे, तीन आठवडे झाले, तुला सांगितलं नाही." शुक्रवारची वेळ घेतलीय. जाताना काय तयारी करायची? खर्चाचं काही?

अबोली_सोनो

बरं झालं सांगितलं तिने.

खर्च: जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत सोनोग्राफी अगदी कमी पैशांत होते, पण रांग असते. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, त्यात कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन येतं. आज त्याचा विचार करत बसू नका, बहुधा लागणार नाही.

तयारी: पुढून उघडणारा कुडता किंवा ब्लाऊज. जुने रिपोर्ट असतील तर तेही न्या, फायब्रोअॅडेनोमाचा कॉलेजातला रिपोर्ट सापडला तर निम्मं काम होतं. घरात कुणाला झाला होता का, ते आठवून कागदावर लिहा. उपाशी यायची गरज नाही. बाळाला सोबत आणा आणि त्याला धरायला तुम्ही या. आत जाण्याच्या अगदी आधी त्या बाजूला पाजून घेऊ द्या, स्तन मऊ पडला की आतलं स्पष्ट दिसतं. मात्र पाजायच्या आधी, गाठ हाताला लागत असताना, तिच्यावर बॉलपेनाने खूण करायला सांगा. पाजून झाल्यावर कधी कधी गाठ जागेवर सापडतच नाही. तसं झालं तर अपॉइंटमेंट रद्द करू नका. या, आणि ‘पाजल्यावर गेली’ असं तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगा.